हरण्याचा अधिकार

नर्मदेतील बेटावर वसलेल्या ओंकारेश्वराच्या देवळात रात्रीची शयनआरती आटोपली की गाभाऱ्यात चौसर मांडतात. पट अंथरायचा, सोंगट्या लावायच्या, फासे जवळ ठेवायचे आणि दार ओढून घ्यायचे. रात्री शिवपार्वती तेथे खेळावयास येतात अशी श्रद्धा आहे. पहाटे दार उघडले म्हणजे सोंगट्या जागच्या हललेल्या दिसतात, असेही सांगतात. इंदूरकडच्या आमच्या वाचकांना यात नवे काही नाही. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात आणि धुमार लेण्यातही उमामहेश्वरांचा हा खेळ दगडात कोरलेला आहे. ओंकारेश्वरीच्या या प्रथेतील एक गोष्ट आम्हांस नेहमी विशेष वाटत आली आहे. सकाळी पट उचलला जातो, पण रात्रीचा डाव कोणी जिंकला हे कोणी विचारीत नाही.

देवाला खेळू देणारे आपण घरातील वडीलधाऱ्या माणसांना मात्र सहसा खेळू देत नाही. नातवंडांची करमणूक म्हणून आजी चार कवड्या टाकील तर तेवढे चालते. परंतु भर दुपारी दोन म्हाताऱ्या पट मांडून बसल्या आणि सोंगटी मारल्यावर मोठ्याने हसल्या, तर सुनेच्या कपाळाला आठी पडते. त्यातून त्या म्हातारीचे विस्मरण वाढू लागले असेल तर प्रश्नच मिटला. तिच्या हातून प्रथम विळी जाते, मग किल्ल्यांचा जुडगा जातो, मग देवपूजेची तयारी जाते. प्रत्येक गोष्ट काळजीपोटीच काढून घेतली जाते, हे खरे. तथापि शेवटी तिच्या हाती काय उरते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

या अवस्थेला आपल्याकडे स्मृतिभ्रंश असे नाव रूढ झाले आहे. नाव शास्त्रशुद्ध आहे, परंतु आमच्या वाचकांच्या कानी ते दुसऱ्याच वाटेने आलेले असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी उतरंड सांगितली आहे, तीत क्रोधामागून संमोह आणि संमोहामागून स्मृतिभ्रंश येतो. तेथे तो माणसाच्या आसक्तीचा परिणाम आहे. हा रोग मात्र मेंदूच्या पेशींचा आहे. तो निर्लोभी माणसाला होतो, जपतप करणाऱ्याला होतो आणि जन्मभर कोणावर न रागावलेल्या बाईलाही होतो. शब्द एकच असल्यामुळे एका अर्थाचा दोष दुसऱ्या अर्थाच्या माथी बसतो. गोव्यातच झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, लोक या अवस्थेला रोग मानीतच नाहीत. कोणी ती म्हातारपणाची रीतच समजतात, तर कोणी घरच्यांनी आबाळ केल्याचा परिणाम समजतात. म्हणजे आजारी माणसावर नाही तर त्याच्या सुनेवर, कोणावर तरी ठपका येतोच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात साठीपुढील दर शंभर माणसांत सात जणांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, या ना त्या प्रमाणात या अवस्थेत आहेत. इतक्या घरांना दोषी ठरवावयाचे असेल तर न्यायाधीश कोठून आणावेत?

आजार सौम्य असतो तेव्हा माणूस नवीन गोष्टी विसरतो आणि जुन्या सांगतो. तीच गोष्ट पुनःपुन्हा विचारतो. पैशाचा हिशेब चुकतो. तथापि हाताला जन्मभर लागलेले वळण बराच काळ टिकते, कारण कालचा प्रसंग लक्षात ठेवणे आणि अंगवळणी पडलेली कृती करणे ही मेंदूच्या वेगवेगळ्या भागांची कामे आहेत. रोगाचा पहिला घाला बहुधा पहिल्या भागावर पडतो. म्हणूनच सकाळी काय जेवलो हे न सांगता येणारी बाई वात मात्र नेमकी वळते.

या उरलेल्या सामर्थ्याला हाक मारावी, हा विचार वैद्यकाने अलीकडे गंभीरपणे घेतला. इंग्लंडमध्ये सौम्य व मध्यम अवस्थेतील २०१ वृद्धांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, अशा चौदा बैठका. प्रत्येक बैठकीला पाऊण तास. चेंडू टाकणे, शब्दांचे खेळ, आकड्यांचे खेळ, वस्तूंची वर्गवारी, लहानपणच्या गोष्टी, खाण्यापिण्याच्या गप्पा. यात सामील झालेल्यांची बुद्धी आणि त्यांचे स्वतःच्या जगण्याविषयीचे समाधान, दोन्ही इतरांच्या मानाने बरी राहिली. तेथील आरोग्ययंत्रणेने पुढे या पद्धतीची शिफारस केली, आणि चेन्नईत तिचे तमिळ रूपही तयार झाले. या पद्धतीतील एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. समोरच्याला माहिती विचारू नये, मत विचारावे. ‘आज वार कोणता?’ ही परीक्षा झाली, आणि तीत नापास होण्याचा प्रसंग रोजचा. ‘पूर्वीच्या जत्रा बऱ्या की आताच्या?’ यात नापास कोणी होत नाही.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. खेळाने हा रोग बरा होत नाही. त्याची वाटचाल चालूच राहते. खेळणाऱ्याला तो होतच नाही, असेही म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये ३,६७५ वृद्धांचा वीस वर्षे मागोवा घेतला, तेव्हा पटावरचे खेळ खेळणाऱ्यांत या रोगाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु आरंभीची बौद्धिक स्थिती आणि मनाची खिन्नता हिशेबात धरल्यावर तो फरक निश्चित उरला नाही. ज्याचे मन शाबूत आहे तोच पटावर बसतो, असेही असू शकते. तेव्हा बुद्धी तल्लख करण्याच्या नावाखाली महागडे खेळ विकणाऱ्यांच्या नादी लागण्याचे कारण नाही. चार कवड्या पुरेत.

पण खेळ हे औषध म्हणून द्यावयाचे ठरले की एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो आम्हांस पुस्तकात भेटला नाही, सोप्यावर भेटला.

आमची आत्या ब्याऐंशी वर्षांची होती. फोंड्याकडच्या त्या जुन्या घरात ती आयुष्यभर राहिली, आणि तेच घर आता तिला अधूनमधून परके वाटू लागले होते. तिन्हीसांजेचा दिवा लावला का, हे ती एका घटकेत तीनदा विचारी. पण सोप्यावर खडूने पंचवीस घरांचा पट काढून दिला की तिची मान ताठ होई. या खेळाला कोठे अष्टाचम्मा म्हणतात, कोठे चल्लस. एका बाजूला चिंचोके, दुसऱ्या बाजूला काजूच्या बिया, आणि मध्ये चार कवड्या. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही, हे तिला कोणी सांगावे लागत नसे. एके दुपारी तिची शेवटची सोंगटी आत जाण्यास चार हवे होते. कवड्या पडल्या, तीन उताण्या, एक पालथी. आम्ही झटकन ‘चौका!’ म्हणालो आणि सोंगटी मधल्या घरात सारली. तिला बरे वाटावे, एवढाच हेतू. आत्या पटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘तीन पडल्यात रे, चार न्हय. सारकें मेज.’’ आणि तिने स्वतःच्या बोटाने सोंगटी एक घर मागे आणून ठेवली.

तो डाव ती हरली. हरल्यावर तिने पट पुसू दिला नाही; पुन्हा मांड, म्हणाली.

आम्ही खजील झालो खरे, पण नेमके कशाने, हे उमगण्यास वेळ लागला. खोटे बोललो म्हणून? घरात आजारी माणूस असले की दिवसातून दहा खोटी बोलावी लागतात. चोरी पकडली गेली म्हणून? तेही नव्हे. पटाच्या एका बाजूला ती खेळत होती आणि दुसऱ्या बाजूला आम्ही उपचार करीत होतो. आमच्या मनात औषध होते, तिच्या मनात खेळ. खेळ एकच दिसत असला तरी आम्ही दोघे एका पटावर बसलोच नव्हतो.

वेदान्तातील एक जुना वाद येथे आठवतो. परमेश्वराने सृष्टी का केली? काही मिळवण्यासाठी केली म्हणावे, तर तो अपूर्ण ठरतो. म्हणून ब्रह्मसूत्रकार तिला लीला म्हणतात, आणि शंकराचार्य भाष्यात अशा राजाचा दाखला देतात की ज्याला मिळवावयाचे काही उरले नाही, तरीही तो खेळतो. खेळाचे लक्षणच हे की त्याला बाहेरचे प्रयोजन नसते. मग स्मृती टिकावी, वेळ जावा, चिडचिड कमी व्हावी, अशा हेतूने मांडलेला पट हा खेळ म्हणावा काय? तर्काने पाहता म्हणू नये. पण अनुभव असा की हेतू पट मांडीपर्यंत चालतो. पहिली कवडी पडली की तो बाजूला ठेवता आला पाहिजे. स्वयंपाक करताना पथ्यपाणी पाहावे, वाढताना मात्र पाहुण्याच्या ताटात औषध वाढल्याचा चेहरा करू नये, तसेच हे. ज्याला हेतू बाजूला ठेवता येत नाही त्याने दुसरे काम करावे, दुसऱ्या कोणास पटावर बसवावे.

आता जिंकू देण्याविषयी. लहान मुलाशी खेळताना आपण मुद्दाम हरतो आणि त्यात कोणी पाप मानीत नाही. परंतु मुलाशी हरणे ही उसनवारी असते. ते वाढत जाईल आणि एक दिवस आपल्याला खरोखर हरवील, हे आपल्याला ठाऊक असते. वृद्धाच्या बाबतीत तो दिवस मागे पडलेला असतो. त्याला दिलेला खोटा विजय ही भिक्षा होय, आणि ती त्याच्या झोळीत न विचारता टाकलेली असते. ज्याला हरताच येत नाही त्याच्याशी आपण खेळत नसतो. त्याच्यापुढे खेळ करीत असतो.

यावर महाभारत जाणणारे वाचक कौशिकाची कथा पुढे करतील, आणि ती करावीच. कर्णपर्वात श्रीकृष्ण ती अर्जुनाला सांगतात. सत्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने चोरांना पळणाऱ्या माणसांची वाट खरी खरी सांगितली, माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. तेव्हा जे सत्य घात करते त्याचा अभिमान धर्म धरीत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण कौशिकापुढे माणसांचे प्राण होते. आमच्यापुढे काय होते? एक सोंगटी. खरे बोलण्याने आत्याचे काही बिघडणार नव्हते. आमचाच अर्धा तास थोडा अवघड गेला असता, एवढेच. करुणेने बोललेले खोटे आणि सोयीसाठी बोललेले खोटे यांचे कपडे सारखे असतात, आणि आपण दुसऱ्याला पहिल्याच्या नावाने हाक मारतो.

तथापि नियम म्हणजे शिळेवरची रेघ, असेही आमचे म्हणणे नाही. पुढे आत्याला चार सोंगट्यांचा हिशेब जड जाऊ लागला. मग आम्ही तिला विचारून दोनच ठेवल्या, आणि आमच्याही दोनच. आतल्या रांगेत जाण्यापूर्वी एक तरी सोंगटी मारलीच पाहिजे, हा नियम काढून टाकला. कवड्या दोघांनी मिळून मोठ्याने मोजायच्या ठरले. यात लबाडी कोठेच नव्हती, कारण नियम उघडपणे बदलला होता आणि दोघांना सारखाच लागू होता. खेळ निवडतानाही हाच विवेक ठेवता येतो. बुद्धिबळात मागे पडलेले मन उघडे पडते. कवडी मात्र हुशाराला ओळखत नाही. मोजणेही जमेनासे झाले तर पत्त्यांतला भिकार-सावकार आहे. त्यात अक्कल चालतच नाही, पान उलटले की झाले. नातवंडाला आणि पणजीला त्यात सारखीच संधी असते. तेथे कोणी कोणाला जिंकू द्यावे लागत नाही.

‘‘पण संध्याकाळपर्यंत ती सारे विसरणार, मग खेळलो काय आणि न खेळलो काय?’’ हा प्रश्न आम्हांस घरातच विचारला गेला, आणि विचारणाराचा त्यात दोष नव्हता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. या रोगाच्या माणसांना काही दुःखाची व काही आनंदाची चलच्चित्रे दाखवली. थोड्या वेळाने त्यांना चित्रातले फारसे काही आठवेना, पण दुःख आणि आनंद मात्र मागे रेंगाळत राहिले. कारण गेले तरी परिणाम राहिला. ज्यांनी अशा माणसांची सेवा केली आहे त्यांना हे सांगण्यासाठी आयोवाची गरज नाही. सकाळी कोणी टाकून बोलले तर ती दिवसभर मुसमुसत राहते, आणि का, ते तिला सांगता येत नाही.

आम्हांस हे फार कटू रीतीने कळले. एकदा आत्याने कवड्या टाकता टाकता आम्हांला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. तिचा हा धाकटा भाऊ जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. लहानपणी हाच पट ती त्याच्याशी खेळत असे. खेळात खोटे नको, या नुकत्याच सुचलेल्या तत्त्वाच्या भरात आम्ही तिला सांगितले की तो आता नाही, तो गेला. तिने ती बातमी प्रथमच ऐकली. तिने हंबरडा फोडला. घटकेत ती बातमी विसरली, परंतु दुःख विसरली नाही. रात्री तिने पानाला हात लावला नाही.

तेव्हा आमचे तत्त्व अपुरे होते, हे कबूल केले पाहिजे. कौशिक आम्हांस कवडीच्या दानात भेटला नव्हता, तो येथे भेटला. त्यानंतर ती त्या नावाने हाक मारी तेव्हा आम्ही ओ देत असू. ‘मी तो नव्हे’ म्हणत नसू आणि ‘मी तोच’ असेही म्हणत नसू. चौक्याचे खोटे आम्ही निर्माण केले होते. हे खोटे रोगाने निर्माण केलेले होते, आणि ते मोडण्याचे काम आमच्याकडे कोणी दिलेले नव्हते. हा भेद सूक्ष्म आहे, आणि कोणी त्याला पळवाट म्हटले तर आम्ही फार वेळ भांडणार नाही. मात्र ती नावाने हाक कोणासही मारो, कवड्या तीन पडल्या तर आम्ही तीनच मोजीत असू. तिच्या भावानेही तीनच मोजल्या असत्या.

काही सज्जन म्हणतील की या वयात नामस्मरण करावे, द्यूत कशाला? द्यूत पणाला लावलेल्या वस्तूमुळे द्यूत होते. येथे पणाला काहीच नाही. आणि नामाशी खेळाचे वैर आहे असे आपल्या परंपरेला तरी वाटलेले दिसत नाही. तिरुमलेवर हाथीराम बाबांची कथा सांगतात, ती अशी की, बालाजी रात्री स्वतः त्यांच्या मठीत फासे खेळावयास येत. एके रात्री खेळून परतताना देव आपला कंठा तेथेच विसरला. देवालाही विस्मरण होते, एवढे त्या कथेवरून आत्याला सांगितले, तेव्हा ती फार खूश झाली होती.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. गोव्यातील आपल्या बहुतेक मोठ्या देवस्थानांत अग्रशाळा आहेत. उत्सवाचे दिवस सोडले तर दुपारी तेथे सहसा शांतता असते. आठवड्यातून दोन दुपारी तेथे दोन-तीन पट मांडण्यास फारसा खर्च नाही. रेघा जाड काढाव्यात, सोंगट्या बोटांत सहज धरता येतील एवढ्या घ्याव्यात, एका पटावर चारांहून अधिक माणसे नसावीत, आणि पाऊण तासात उठावे; दमलेल्या माणसाला खेळ नकोसा होतो. पटावर बसावयास गावातील कॉलेजातली मुले यावीत, पण त्यांना आधी बजावावे की मुद्दाम हरू नका. श्लोकांच्या किंवा गाण्यांच्या भेंड्याही लावाव्यात. ज्यांना नातवाचे नाव आठवत नाही त्यांना पाठ केलेले श्लोक पुष्कळ दिवस आठवतात.

आणि पोहोचवावयास आलेल्या सुनेला किंवा मुलीला तेथे बसवून ठेवू नये. गोव्यातील दोन तालुक्यांत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरी जाऊन अशा सांभाळणाऱ्यांना आधार व सल्ला दिला, तेव्हा त्यांच्या मनाचा त्रास कमी झालेला दिसला. रात्रीत चारदा उठणारी ती बाई असते. तो पाऊण तास ती घरी जाऊन निजली तरी चालेल. परत न्यावयास आली की डाव कसा झाला, हे तिला म्हातारीच सांगेल, आणि चुकीचे सांगितले तर पटावरची मुले आहेतच.